अकराव्या मजल्यावरचे कॉलेज

रात्रीचे साडेआठ वाजले की आमच्या घरी कॉलेज भरते. घंटा होत नाही, शिपाई येत नाही. कुकरची तिसरी शिट्टी हीच आमची घंटा! गॅस बारीक करायचा, जेवणाच्या टेबलावरची निवडलेल्या मेथीची परात बाजूला सारायची, मुलाचा जुना लॅपटॉप उघडायचा, कानांत ती इअरफोनची बोंडे खुपसायची, आणि हात पुसून वही पुढे ओढायची. पडद्यावर प्राध्यापिकाबाई 'नमस्कार' म्हणतात. मीही हात जोडते. त्यांना मी दिसत नाही हे पक्के ठाऊक असते, पण सवय जात नाही.

माझे वय चोपन्न. मुक्काम पिंपळे सौदागर. शिवार चौकापासून पायी सात मिनिटांवर, अकरावा मजला. यजमान चाकणच्या एका कारखान्यात, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. मुलगा आणि सून दोघेही हिंजवडीला. घरात एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, आणि मी. मी म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. विषय, मराठी साहित्य आणि लेखन.

पहिल्या दिवशी मला असे एकटीला टेबलाशी हात जोडून बसलेले पाहून सासूबाई काठी टेकत जवळ आल्या.

"कुणाशी बोलत्येस गं?"

"कॉलेजात आहे, आई."

त्यांनी चष्मा सारखा करून पडद्यात डोकावून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "एकच बाई दिसत्येय. बाकीच्या मुली कुठं गेल्या?"

हसू आले खरे, पण तो प्रश्न वर्षभर माझ्या मागे राहिला. त्याविषयीच आज थोडे लिहायचे आहे.

'नंतर' या शब्दाची पस्तीस वर्षे

१९८९ साली मी बारावी झाले. कला शाखेच्या पहिल्या वर्षात नाव घातले, मराठी विषय घेतला, आणि दुसऱ्या सत्रात लग्न ठरले. कोणी शिक्षण तोडले असे म्हणायला जागा नाही. माहेरचे म्हणाले, "पुढचं नंतर कर." सासरचेही म्हणाले, "कर की नंतर, कोण नको म्हणतंय?" खरोखरच कोणी नको म्हटले नाही. फक्त ते 'नंतर' पस्तीस वर्षे लांबले. आधी पिंपरीतल्या दोन खोल्या, मग मुलाची शाळा, मामंजींचे आजारपण, फ्लॅटचे हप्ते. तुमच्यापैकी कित्येकींना ही यादी मी न सांगताही पाठ असेल.

गेल्या वर्षी सुनेने माझा अर्ज भरून दिला. मुलगा तसा गुणी आहे, पण स्पष्ट बोलतो. तो म्हणाला, "आई, हौस म्हणून ठीक आहे. पण आता या डिग्रीचा उपयोग काय?" मला उत्तर सुचले नाही. मी उठून चहा ठेवला. आपल्याकडे उत्तर सुचले नाही की चहा ठेवायची सोय आहे, हे फार बरे.

घरी बसून शिकण्याची जुनी वाट

लोकांना वाटते की घरबसल्या कॉलेज ही संगणकाची करामत. तसे मुळीच नाही. १८४० साली इंग्लंडात एक पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले, आणि आयझॅक पिटमन यांनी लगेच टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून धाडायचा, गुरुजींनी तपासून परत धाडायचा. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून वर्गात न बसणाऱ्यांनाही परीक्षेचे दार उघडले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, आणि १९८९ साली, म्हणजे मी बारावी झाले त्याच वर्षी, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. गंगा घरोघरी निघाली त्याच सुमाराला मी घरात शिरले, आणि आमची भेट मात्र व्हायची राहिली!

पण ही झाली विद्यापीठांची कथा. महाराष्ट्रातल्या बायकांची घरी शिकण्याची वाट याहून जुनी आहे. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या, आणि माधवरावांनी त्यांना घरीच शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपले नाही. त्या टोमण्यांची हकीकत रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. काशीबाई कानिटकर लग्नानंतर शिकल्या आणि कादंबरीकार झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा अशी मिळालीच नाही. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली आणि आज विद्यापीठांतून ती अभ्यासाला असतात. जिला कॉलेजात कोणी बसू दिले नसते, तिच्यावर कॉलेजात प्रश्न विचारले जातात! आमच्या पुस्तकात हा धडा आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. एकदा परीक्षेसाठी, एकदा माझ्यासाठी.

हे चालते तरी कसे?

शेजारणी हे विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. ध्वनिचित्रित व्याख्याने असतात, ती आपल्या सवडीने ऐकायची. वाचायला छापील किंवा पडद्यावरची पुस्तके असतात. प्रत्येक घटकानंतर छोटी चाचणी. दर काही आठवड्यांनी गृहपाठ. आठवड्यातून एखादे दिवशी शिक्षक आणि विद्यार्थी एका वेळी पडद्यावर येतात, तेव्हा शंका विचारायच्या. केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम्' नावाची सोय केली, तिचाही साचा साधारण असाच आहे. तिथे पुष्कळसे अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरायचे, आणि परीक्षेला केंद्रावर जायचे.

वेळेचा हिशेब मात्र आधी करावा. दूरशिक्षणात एका श्रेयांकाला अभ्यासाचे तीस तास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे एकशेवीस तास. सोळा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसात तास, आणि तेही एकाच विषयाला. ज्या घरात सकाळी सहाला कंपनीच्या बसचा डबा आणि रात्री दहाला मुलाचे ताट, तिथे हे साडेसात तास आकाशातून पडत नाहीत. मी दुपारची मालिका सोडली. फार दुःख झाले नाही. तिच्यातली सून अजून त्याच जिन्यावर उभी आहे असे कळते.

आणखी एक सावधगिरी. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे ना, हे स्वतः पाहावे. जाहिरातीवर विसंबू नये. डॉक्टरी, इंजिनिअरी, वकिली हे अशा रीतीने शिकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. साहित्याला मात्र ना प्रयोगशाळा लागते, ना शवागार. पुस्तक, कागद, आणि आपण लिहिलेले वाचणारा एक शहाणा माणूस, एवढे असले की पुरते. यातल्या तिसऱ्या वस्तूची चौकशी जरूर करावी. गृहपाठ माणूस तपासतो की नुसते टिकमार्क पडतात, हे विचारून घ्यावे.

बाकीच्या मुली

त्या हळूहळू सापडू लागल्या. रविवारच्या तासाला पडद्यावर चौकोन उघडतात, जणू वाड्यातल्या खिडक्या. एका चौकोनात चाकणच्या कारखान्यात पाळ्यांनी काम करणारा तरुण असतो. रात्रपाळीहून आलेला, डोळे तांबारलेले, पण पुस्तक वाचून आलेला. दुसऱ्यात सांगलीकडच्या एक अंगणवाडी सेविका. तिसऱ्यात एक निवृत्त फौजदार, जे कवितेवर बोलतानाही पंचनामा केल्यासारखे बोलतात. एकदा नायिकेने घर का सोडले यावर चर्चा चालली होती, तर ते म्हणाले, "प्रथमदर्शनी पुरावा नवऱ्याविरुद्ध जातो." आम्ही सगळे हसलो. पण बाईंनी त्यांना पुस्तकातली तीन वाक्ये काढून दाखवायला सांगितली, आणि फौजदारांनी ती काढून दाखवली. साहित्याचा अभ्यास म्हणजे काय, हे मला त्या दिवशी उमगले. मनाला येईल ते बोलावे, पण बोट पुस्तकातल्या ओळीवर ठेवून बोलावे.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक अल फिलराइस यांनी २०१२ साली आधुनिक कवितेचा असाच विनामूल्य वर्ग सुरू केला, आणि जगभरातून हजारो माणसे त्यात आली. त्यांची रीत अशी की नुसते व्याख्यान द्यायचे नाही. चारदोन विद्यार्थ्यांना टेबलाभोवती बसवून एकेक कविता ओळीओळीने उलगडायची, आणि ते बोलणे सर्वांना ऐकवायचे. कविता एकट्याने वाचायची असली तरी ती समजून घ्यायला दुसरा माणूस लागतो, हेच खरे.

तरीही उणीव राहते. ती लपवून काय उपयोग? तास संपला की बटण दाबले जाते आणि सगळ्या खिडक्या एकदम मिटतात. तासानंतर जिन्यात उभे राहून बोलणे नाही, कँटीनचा चहा नाही, वहीची देवाणघेवाण नाही. म्हणूनच असे अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणारे जगभर पुष्कळ असतात. आमच्या वर्गातल्याही काही खिडक्या दिवाळीनंतर उघडल्या नाहीत. मीही एकदा सोडायला निघाले होते. ते कारण आता सांगते.

दहापैकी दोन

लेखनाचा पहिला गृहपाठ आला: 'माझा परिसर', शब्द पाचशे. मला वाटले, हे तर आपल्या हातचे! मुलाच्या शाळेत 'पावसाळ्यातला एक दिवस' आणि 'मी पंतप्रधान झालो तर' हे निबंध मीच लिहून दिले होते, आणि त्याला बक्षीसही मिळाले होते. पण टेबलाशी बसले आणि पहिले वाक्यच सुचेना. पिंपळे सौदागरबद्दल काय लिहायचे? इमारती, दुकाने, वाहनांची कोंडी. दोन रात्री कागद कोरा. तिसऱ्या रात्री मुलगा म्हणाला, "एवढं काय त्यात? यंत्राला सांग." आणि त्याने हल्लीच्या त्या लिहून देणाऱ्या यंत्राला दोन ओळींचा हुकूम सोडला. मी डोळा मिटून उघडते तो निबंध तयार! निसर्गाच्या कुशीत वसलेला माझा परिसर, खळाळती पवना, पक्ष्यांचा किलबिलाट, आधुनिकता आणि परंपरा यांचा सुरेख संगम. एकही चूक शोधून सापडू नये. मी तो पाठवून दिला.

आठ दिवसांनी उत्तर आले. दहापैकी दोन गुण. खाली बाईंनी लिहिले होते: "भाषा निर्दोष आहे. पण या निबंधात आपण कोठेच दिसत नाही. पुन्हा लिहून पाठवावा."

रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. चोपन्नाव्या वर्षी चोरी पकडली गेल्याची लाज काय असते ते कसे सांगू! त्या रात्री लॅपटॉप उघडला नाही. दुसऱ्याही रात्री नाही. सासूबाईंनी विचारले, "आज कॉलेजला सुट्टी का?" मी म्हटले, "हो." आणखी एक खोटे.

खरे तर माझ्या मनाला एकच गोष्ट लागली होती. मुलाच्या नावाने मी लिहिलेले निबंध आणि माझ्या नावाने यंत्राने लिहिलेला निबंध यांत फरक तो काय? तेच किलबिलाट, तेच संगम. यंत्राने ते आमच्याकडूनच उचललेले. चाळीस वर्षे आम्ही पाठ केलेले निबंध लिहीत आलो, आणि त्यालाच लेखन समजत आलो.

चार दिवसांनी खाली भाजी घ्यायला गेले. जुन्या गावठाणातून एक मावशी येतात, सत्तरीच्या. सोसायटीच्या फाटकाबाहेर टोपली मांडून बसतात. मी मेथी निवडून घेत होते, आणि उगीच बोलायचे म्हणून विचारले, "मावशी, तुम्ही इथल्याच ना? आधी इथं काय होतं हो?"

त्यांनी मान वर करून आमच्या इमारतीकडे पाहिले. म्हणाल्या, "तुमची लिफ्ट हाय ना ताई, तितं आमची हीर व्हती."

मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी. त्या सांगत गेल्या. विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही आटत नसे. त्यांचे मालक भाजी पिकवत, आणि पहाटे ती पिंपरीच्या मंडईत नेत. "आता मंडईतली भाजी आनून हितं इकते," असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. पैसे आले, घर बांधले, दोन लग्ने झाली, पैसे संपले. कोणाबद्दल तक्रार नाही. मेथीचे वीस रुपये त्यांनी मोजून घेतले.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत लिहीत बसले. गुरव, निलख आणि सौदागर अशी तीन पिंपळे. त्यांतल्या सौदागरात मी राहते. चौकाचे नाव शिवार, पण शिवार कोठे दिसत नाही. उन्हाळ्यात पवनेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते, आणि अकराव्या मजल्यावरून ती कुरणासारखी सुंदर दिसते. जवळ गेले की वास येतो. मी दिवसातून चार वेळा ज्या लिफ्टने खालीवर करते, ती एका विहिरीच्या जागेवर उभी आहे. एवढेच लिहिले. किलबिलाट एकदाही आला नाही.

याच सुमाराला आम्हाला मुक्ता साळवे यांचा निबंध अभ्यासाला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली ही चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो एका शाळकरी मुलीचा निबंधच, पण तिने डोळ्यांनी पाहिले होते आणि अंगावर सोसले होते ते लिहिले. म्हणून पावणेदोनशे वर्षे होत आली तरी तो वाचला जातो. तिच्यापुढे माझ्या विहिरीची काय प्रौढी! पण लिहिताना कोठे पाहायचे, ते तिने दाखवले.

विली रसेल यांचे १९८० सालचे एक इंग्रजी नाटक आहे, 'एज्युकेटिंग रीटा'. त्यातली रीटा केस कापणारी बाई; ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात साहित्य शिकायला येते. इब्सेनचे एक अवघड नाटक रंगमंचावर कसे बसवावे, या प्रश्नाला ती एकाच वाक्यात उत्तर देते, की रेडिओवर करावे! पुढे ती व्यवस्थित निबंध लिहायला शिकते, परीक्षा देते, आणि तिच्या शिक्षकाला चुटपुट लागते की या शिकण्यात तिचे ते स्वतःचे बोलणे हरवले की काय. मला वाटते, लेखन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गापुढचा हाच पेच आहे. शुद्ध लिहायला शिकवावे, पण माणूस पुसला जाऊ नये.

निकाल

दुसऱ्या निबंधाला दहापैकी सात गुण मिळाले. शुद्धलेखनाच्या अकरा चुका बाईंनी लाल अक्षरांत दाखवल्या होत्या, त्यांतल्या सहा ऱ्हस्व-दीर्घाच्या. खाली एक प्रश्न होता: "त्या विहिरीच्या जागी राहताना आपल्याला काय वाटते, ते मात्र आपण लिहिलेले नाही."

त्याचे उत्तर मला अजून लिहिता आलेले नाही. घर आम्ही चोरले नाही. वीस वर्षे हप्ते भरून घेतले. तरी लिफ्टचे बटण दाबताना हल्ली हात क्षणभर थांबतो. हे कसे लिहायचे ते पुढच्या वर्षी कदाचित कळेल.

तो निबंध मी एके दिवशी मावशींना वाचून दाखवला. त्यांनी मिरच्या निवडता निवडता सगळा ऐकला. शेवटी म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पन पाच परस न्हाई, सात परस पानी व्हतं." मी तिथेच पेन काढून दुरुस्ती केली. ही बारावी चूक बाईंच्या नजरेतून सुटली होती!

मुलाने तो निबंध वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला हे माहीतच नव्हतं." डिग्रीचा उपयोग काय, हे त्याने पुन्हा विचारलेले नाही. मीही सांगायला गेले नाही.

परीक्षा मे महिन्यात झाली. केंद्रावर जाऊन, बाकावर बसून, हाताने लिहून. बाक तेवढाच अरुंद होता, आणि माझी रुंदी पस्तीस वर्षांत बदललेली. पास झाले. फार मोठे गुण नाहीत, पण लेखनात बरे आहेत. जुलैत दुसऱ्या वर्षात नाव घातले.

आणि 'बाकीच्या मुली कुठं गेल्या' म्हणून विचारणाऱ्या आमच्या सासूबाई? त्या चौथी शिकलेल्या. 'स्मृतिचित्रे'वरची व्याख्याने चालू होती तेव्हा मी इअरफोन काढून आवाज मोठा ठेवत असे, म्हणजे त्यांनाही ऐकू जावे. एक दिवस यजमान दमून आले, त्यांना आवाज नको होता. मी बोंडे कानात घालू लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "एक मला दे."

तेव्हापासून रोज साडेआठला त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात. एक बोंड माझ्या कानात, एक त्यांच्या. पडद्यावरच्या बाई नमस्कार म्हणतात, आणि आम्ही दोघी हात जोडतो.